संगणकाचं घड्याळ पुन्हापुन्हा चुकतंय? आधी फरक मोजा, मग वेळ लावा

संगणकाचं घड्याळ चुकलेलं दिसलं की बहुतेकजण उजव्या कोपऱ्यात क्लिक करतात, वेळ बरोबर लावतात आणि कामाला लागतात. दुसऱ्या दिवशी तीच चूक पुन्हा. याचं कारण असं की वेळ लावल्याने बिघाड तसाच राहतो आणि त्याचा पुरावा मात्र पुसला जातो. घड्याळ किती चुकलं आणि कोणत्या दिशेला चुकलं, यावरूनच दोष कुठे आहे ते कळतं. म्हणून घड्याळाला हात लावण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: फरक किती तास-मिनिटांचा आहे, घड्याळ पुढे आहे की मागे, आणि हा फरक कधी पडतो. रात्रभर बंद ठेवल्यावर, नुसतं रीस्टार्ट केल्यावर, की चालू असतानाच? तुलनेला मोबाइल पुरेसा आहे, फक्त त्यात वेळ आपोआप घेण्याची सोय चालू असल्याची खात्री करा.

दोन-पाच मिनिटांनी काय बिघडतं, असं वाटू शकतं. बिघडतं. ओटीपी तयार करणारी ऑथेंटिकेटर ॲप दर ३० सेकंदांनी नवा आकडा काढतात. संगणकाचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल तर त्यावर चालणाऱ्या अशा ॲपचा आकडा समोरचा सर्व्हर नाकारतो. कार्यालयात डोमेनला, म्हणजे एका मध्यवर्ती सर्व्हरवरून चालणाऱ्या जाळ्याला, जोडलेल्या संगणकात फरक ५ मिनिटांच्या वर गेला की लॉगिन अडकतं. तारीखच मागे गेली असेल तर ब्राउझर प्रत्येक साइटवर प्रमाणपत्राची चूक दाखवतो, आणि डिजिटल सहीचा टोकन लावून टेंडर किंवा रिटर्न भरणाऱ्याची सही चुकीच्या वेळेची उमटते किंवा उमटतच नाही.

एकाच संगणकात दोन घड्याळं

हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. पहिलं घड्याळ मदरबोर्डवर आहे. त्याला आरटीसी म्हणतात. त्यात क्वार्ट्‌झचा एक बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. १५ वेळा निम्मा केला की नेमका सेकंदाला एक ठोका मिळतो. संगणक बंद असतानाही हे घड्याळ चालतं, कारण त्याला रुपयाच्या नाण्याएवढा एक बटण सेल वीज पुरवतो. दुसरं घड्याळ विंडोज किंवा लिनक्सचं स्वतःचं. संगणक सुरू होताना किंवा झोपेतून उठताना ते आरटीसीकडून वेळ उचलतं आणि पुढे प्रोसेसरच्या मोजणीवर चालत राहतं. कोपऱ्यात दिसतं ते हे दुसरं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. संगणक चालू असताना, न बंद करता, डोळ्यांदेखत वेळ उडी मारत असेल तर त्यात सेलचा हात नसतो, कारण प्लग लागलेला असताना आरटीसीलाही सेलची गरज पडत नाही. तरी घड्याळाची कोणतीही तक्रार घेऊन गेलं की सर्वप्रथम सेल बदलून दिला जातो. सेल स्वस्त असतो, त्यामुळे नुकसान पैशांचं फारसं होत नाही. खरा दोष मात्र जागच्या जागी राहतो.

किती चूक ही चूकच नव्हे, तेही सांगायला हवं. साधा स्फटिक दहा लाखांत २० भागांनी इकडेतिकडे होतो. म्हणजे दिवसाला सुमारे १.७ सेकंद, महिन्याला ५२ सेकंदांच्या आसपास. इंटरनेट नसलेल्या संगणकात महिन्याला मिनिटभर फरक पडला तर बिघाड शोधू नका. दिवसाला मिनिटं जात असतील तर शोधा.

फरकाचा आकडा काय सांगतो

तारीख थेट काही वर्षं मागे, बहुतेकदा एखाद्या वर्षाच्या १ जानेवारीवर, आणि वेळ मध्यरात्रीपासून मोजलेली: सेल संपला. रात्री ९ ला बंद केला, सकाळी १० ला चालू केला आणि घड्याळ रात्रीचे ९ वाजून २ मिनिटं दाखवतंय: हाही सेलच. संपत आलेल्या सेलमध्ये जुना आकडा धरून ठेवण्यापुरता जोर असतो, स्फटिक चालवण्यापुरता नसतो. रात्रीतून दहा-वीस मिनिटं मागे पडणं ही त्याचीच आधीची पायरी.

फरकाच्या शेवटी बरोबर ३० मिनिटं येत असतील तर सेल विसरा. भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बांधलेली आहे, म्हणून ती जागतिक वेळेच्या (यूटीसी) साडेपाच तास पुढे असते. जगातल्या बहुतेक देशांचे वेळपट्टे (टाइम झोन) पूर्ण तासांचे असल्यामुळे चुकीचा पट्टा निवडला गेला की आपला फरक हमखास अर्ध्या तासावर येऊन थांबतो. निदानासाठी याहून सोयीची खूण नाही. साडेतेरा तास मागे (अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असताना साडेबारा) म्हणजे पॅसिफिक पट्टा. अमेरिकन सेटिंगवर बसवलेल्या विंडोजमध्ये तोच ठरलेला असतो. दीड तास मागे म्हणजे अबू धाबी-मस्कतचा पट्टा. आखातातून आणलेल्या लॅपटॉपमध्ये हे नेहमी दिसतं. अर्धा तास मागे असेल तर इस्लामाबाद-कराची, अर्धा तास पुढे असेल तर ढाका निवडलं गेलंय. फक्त १५ मिनिटं पुढे असेल तर काठमांडू, कारण नेपाळची वेळ पावणेसहा तासांची आहे.

साडेपाच तासांच्या फरकाला मात्र दोन संशयित आहेत. एक तर पट्टा जागतिक वेळेचा किंवा (तिथे उन्हाळी वेळ चालू नसताना) लंडनचा आहे, नाहीतर त्याच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदत आहेत. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, तो पुढे येतो.

सेल: ओळखणं, मोजणं, बदलणं

जवळजवळ सगळ्या डेस्कटॉपमध्ये सीआर२०३२ हा सेल असतो. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. ३ व्होल्टचा लिथियम सेल, साठा साधारण २२५ मिलिॲम्पिअर-तास. सीआर२०२५ आणि सीआर२०१६ दिसायला सारखेच पण पातळ. ते खाचेत सैल बसतात आणि कधी टेकतात, कधी टेकत नाहीत. एलआयआर२०३२ हा चार्ज होणारा प्रकार पूर्ण भरला की ४.२ व्होल्टपर्यंत जातो. तो इथे बसवू नका.

सेल किती काळ टिकतो हे बऱ्याच अंशी भिंतीवरच्या बटणावर ठरतं. बोर्डाचं बटण चालू असेल तर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, बंद संगणकालाही ५ व्होल्टचा थोडा प्रवाह देत राहतो आणि आरटीसी त्यावर चालतं. आपल्याकडे रात्री काम संपलं की बोर्डावरून बंद करण्याची सवय आहे, आणि पावसाळ्यात विजा चमकत असताना ती चांगलीही आहे. ती सोडायला कोणी सांगणार नाही. फक्त त्या घरातला सेल तीन-चार वर्षांत संपणार, हे धरून चाला.

मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. प्लग काढलेला असताना, सेल खाचेतच ठेवून मोजा: लाल टोक सेलच्या वरच्या चकतीवर, काळं टोक कॅबिनेटच्या उघड्या धातूवर. ३.० किंवा वर असेल तर सेल ठीक. २.८ च्या खाली आला असेल तर बदला. मधला आकडा आला तर सेल बाहेर काढून त्याच्या दोन टोकांमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर पाच-दहा सेकंद धरा आणि धरलेला असतानाच मोजा. चांगला सेल २.९ च्या आसपास टिकून राहतो. थकलेला भराभर उतरतो. नुसतं मोजलं तर थकलेला सेलही ३ च्या जवळ दिसून फसवू शकतो, म्हणून हा खटाटोप.

बदलण्यापूर्वी दोन कामं विसरू नका. संगणक सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या पानांत, जाऊन (डिलीट किंवा एफ२, काही कंपन्यांत एफ१ किंवा एफ१०) प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बूटचा क्रम, रॅमच्या वेगाचं सेटिंग (एक्सएमपी) आणि खास करून साटाचा, म्हणजे हार्ड डिस्कच्या जोडणीचा, मोड: एएचसीआय की रेड. सेल काढल्यावर हा मोड बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं आणि बिचाऱ्या हार्ड डिस्कवर आळ येतो. दुसरं, विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करणारी बिटलॉकर ही सोय चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. बायोसमध्ये बदल झाल्यावर संगणक ती मागू शकतो आणि ती नसेल तर माहिती कायमची कुलूपबंद होते.

आता बदल. शिफ्ट धरून शटडाउन करा म्हणजे तो खरोखर बंद होतो. प्लग काढा, चालू करण्याचं बटण दहा सेकंद दाबून उरलासुरला प्रवाह जाऊ द्या. डाव्या बाजूचं झाकण मागच्या दोन स्क्रूंवर असतं. कॅबिनेटच्या धातूला एकदा हात लावून मगच आत हात घाला. सेल बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेला असतो. तसं असेल तर कार्डाच्या खाचेच्या टोकाची खिटी दाबून कार्ड आधी काढा. सेलच्या खाचेच्या एका बाजूला छोटी स्प्रिंगची पट्टी असते. ती नखाने किंवा लाकडी काडीने बाहेरच्या बाजूला ढकलली की सेल स्वतःहून वर उडतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. तो घसरला की मदरबोर्डवरची तांब्याची रेघ कापली जाते, आणि ती दुरुस्ती सेलच्या कैकपट महाग असते. नवा सेल कडेने धरा, अधिकची खूण आणि अक्षरं वर ठेवा, पट्टीच्या समोरच्या हुकांखाली आधी सरकवा आणि मग दाबा.

सेल विकत घेताना बंद पाकिटातला, मुदतीची तारीख छापलेला घ्या. डब्यात सुटे पडलेले सेल एकमेकांना टेकून आधीच अर्धे रिकामे झालेले असतात. जुना सेल टाकताना दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, आणि घरात लहान मूल असेल तर तो क्षणभरही टेबलावर ठेवू नका. २० मिलिमीटरचा सेल गिळला गेला तर घशात अडकतो आणि अन्ननलिका दोन तासांतही गंभीर भाजू शकते. तशी नुसती शंका आली तरी तडक रुग्णालयात न्यावं लागतं.

बायोसमध्ये वेळ भरताना एक फसगत नेहमी होते. तिथली तारीख बहुधा अमेरिकन पद्धतीची असते, आधी महिना आणि मग दिवस. ५ ऑगस्ट म्हणून ०५/०८ भरलं की संगणक ८ मे धरून चालतो आणि सेल नवा असूनही तारीख चुकतेच, असं वाटत राहतं. भरून झालं की एफ१० ने जतन करा.

आणखी एक गैरसमज. बायोसच्या बाकी सेटिंग जागेवर आहेत म्हणजे सेल चांगला आहे, असं मानलं जातं. जुन्या बोर्डांत हे खरं होतं. आताच्या बऱ्याच बोर्डांत सेटिंग फ्लॅश चिपमध्ये राहतात आणि सेल संपला तर फक्त घड्याळ जातं.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी आहे. काहींत हाच सेल काळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात, दोन तारा आणि छोट्या कनेक्टरसह असतो. तो तारांसकट तयारच घ्यावा. सेलवर थेट सोल्डर करू नये, उष्णतेने तो फुटू शकतो. कनेक्टर बसला म्हणून निर्धास्त होऊ नका, लाल आणि काळी तार जुन्यासारख्याच बाजूला आहेत ना ते पाहा. काही जुन्या लॅपटॉपमध्ये एमएल१२२० हा चार्ज होणारा सेल असतो. त्या जागी सीआर जातीचा सेल लावला तर बोर्ड त्याला चार्ज करायला जातो आणि सेल तापतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये वेगळा सेलच नसतो, आरटीसी मुख्य बॅटरीवर चालतं. अशा लॅपटॉपची मुख्य बॅटरी मेलेली असेल आणि तो नुसत्या ॲडाप्टरवर चालवला जात असेल, तर प्लग निघाला की वेळ जाणारच. तिथे सेल शोधत बसू नका, मुख्य बॅटरी बदला.

वेळ बरोबर, पट्टा चुकीचा

सगळ्यात चिवट तक्रार ही: "वेळ लावली की काही तासांनी आपोआप चुकते." इथे सहसा संगणकाचं चुकत नसतं, वेळ लावणाऱ्याचं चुकत असतं. समजा पट्टा पॅसिफिक आहे आणि आपल्याकडे सकाळचे १० वाजलेत. घड्याळ आदल्या रात्रीचे साडेआठ दाखवतं. तुम्ही हाताने १० लावलेत. आता विंडोजला वाटतं की लॉस एंजलिसमध्ये सकाळचे १० वाजलेत. आतल्या जागतिक वेळेत ते साडेतेरा तास पुढे गेलं. पुढच्या वेळी इंटरनेटवरून वेळ आली की ते इमानदारीने पुन्हा रात्रीचे साडेआठ करतं. मग वैतागून वेळ जुळवण्याची सोयच बंद केली जाते. घड्याळ बरोबर दिसू लागतं, पण पाठवलेल्या मेलवर पुढची वेळ पडते आणि ओटीपी जुळत नाहीत.

उपाय दोन मिनिटांचा आहे. सेटिंगमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात डेट अँड टाइम. 'सेट टाइम झोन ऑटोमॅटिकली' बंद करा. व्हीपीएन वापरणाऱ्यांत किंवा ठिकाण चुकीचं ओळखणाऱ्या वायफायवर हीच सोय पट्टा बदलत राहते. यादीतून यूटीसी+०५:३० चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली निवडा. त्यानंतर 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करून 'सिंक नाऊ' दाबा. क्रम महत्त्वाचा: आधी पट्टा, मग वेळ. लिनक्समध्ये पट्ट्याचं नाव एशिया/कोलकाता. त्या यादीत मुंबई शोधत बसू नका, तिथे मुंबई नाही.

इंटरनेट आहे, तरी वेळ जुळत नाही

विंडोजच्या घरगुती संगणकात एक मर्यादा आहे जी फार थोड्यांना ठाऊक असते. फरक १५ तासांपेक्षा, म्हणजे ५४,००० सेकंदांपेक्षा जास्त असेल तर विंडोज टाइम सेवा वेळ दुरुस्त करायला नकार देते. सेल संपून तारीख काही वर्षं मागे गेली की 'सिंक नाऊ' दाबून उपयोग होत नाही तो यामुळेच. आधी तारीख हाताने आजची करा, वेळ अंदाजे लावा आणि मग दाबा. लगेच जुळते.

तरीही जमत नसेल तर सेवा चालू आहे का ते पाहा. विंडोज आणि आर दाबून 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' उघडा, यादीत विंडोज टाइम शोधा, स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक करा आणि स्टार्ट दाबा. संगणक 'वेगवान' करून देणारी ऑप्टिमायझर सॉफ्टवेअर ही सेवा बंद करून टाकतात. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत डब्ल्यू३२टीएम, एक जागा, तिरकी रेघ आणि 'रीसिंक' असं टाइप करा. वेळ का जुळली नाही याचं कारण ही आज्ञा शब्दांत सांगते, सेटिंगचं पान सांगत नाही.

सेवा चालू आणि फरक थोडा असूनही अपयश येत असेल तर वाट अडलेली असते. वेळेची देवाणघेवाण यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून होते. कॉलेजची वसतिगृहं, कार्यालयं आणि काही राउटर हे पोर्ट बंद ठेवतात. वेबसाइट उघडतात, वेळ मात्र येत नाही. खात्री करण्याची सोपी रीत म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट लावून 'सिंक नाऊ' दाबणं. तिथे जुळली तर दोष नेटवर्कचा आहे आणि ते सांभाळणाऱ्यालाच सांगावं लागेल.

सर्व्हर बदलायचा असेल तर विंडोज आणि आर, मग 'टाइमडेट डॉट सीपीएल', त्यात इंटरनेट टाइम, चेंज सेटिंग्ज. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते आणि तिचा सर्व्हर टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी या पत्त्यावर आहे. एनआयसीचे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, दोन आहेत: समय१ डॉट एनआयसी डॉट इन आणि समय२ डॉट एनआयसी डॉट इन. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि संस्थांनी आपली यंत्रं ही प्रयोगशाळा किंवा एनआयसी यांच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी पडताळता येणाऱ्या सर्व्हरशी, जुळवायची आहेत. त्यामुळे कार्यालयातले संगणक लावताना हे पत्ते भरणं ही निव्वळ आवड उरत नाही. डोमेनला जोडलेल्या संगणकात मात्र हे पान दिसतच नाही. तो वेळ आपल्या डोमेन कंट्रोलरकडून घेतो. तिथे सगळ्यांचंच घड्याळ सारखं चुकलेलं असेल तर एकेका संगणकाशी झगडू नका, सर्व्हरचं घड्याळ पाहा.

विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रावर

विंडोज आरटीसीमध्ये स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ. दोघांनाही आपापल्या परीने बरोबर वाटतं. सकाळी १० वाजता लिनक्स आरटीसीमध्ये ०४:३० लिहून बंद होतं. विंडोज उठतं, ०४:३० वाचतं आणि पहाटेचे साडेचार दाखवतं. उलट दिशेने गेलात तर लिनक्स साडेपाच तास पुढे. सेल, पट्टा, इंटरनेट सगळं ठीक असूनही हा खेळ प्रत्येक बूटला चालू राहतो.

दोघांपैकी एकालाच समजवायचं. विंडोजला समजवणं जास्त चांगलं, विशेषतः लॅपटॉप परदेशात जात असेल तर. रजिस्ट्री एडिटरमध्ये, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइम झोन इन्फर्मेशन इथवर जा. उजव्या बाजूला ३२ बिटचं नवं डीवर्ड तयार करा. त्याचं नाव 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' हे चार इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता, प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं ठेवून लिहा आणि किंमत १ द्या. रीस्टार्ट करून एकदा 'सिंक नाऊ' दाबा.

रजिस्ट्रीला हात लावायचा नसेल तर लिनक्सच्या टर्मिनलमध्ये सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ ही आज्ञा द्या. ती दिल्यावर लिनक्स इशारा देतं, पण त्यातली मोठी अडचण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांची आहे. भारतात घड्याळ वर्षभर बदलत नाही, त्यामुळे इथे हा मार्गही चालतो. फक्त दोन्ही उपाय एकदम करू नका. दोघेही आपली रीत सोडून एकमेकांची धरतात, आणि आधी मागे असलेलं विंडोज साडेपाच तास पुढे जातं.

चालू असतानाच उडी

हा प्रकार विरळा, पण सगळ्यात छळणारा. सुरुवात इव्हेंट व्ह्यूअरपासून करा: विंडोज लॉग्ज, सिस्टिम, आणि तिथे कर्नल-जनरल या स्रोताच्या क्रमांक १ च्या नोंदी. वेळ कितीवरून किती झाली आणि कशामुळे, हे तिथे लिहिलेलं असतं. एखाद्या प्रोग्रॅमने बदलली असेल तर तो संगणकावर का आहे ते विचारा. चाचणीची मुदत वाढवण्यासाठी तारीख मागे नेणारी साधनं आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर इथे नेहमी सापडतात. ती काढल्याशिवाय घड्याळ सुधारणार नाही.

नोंदीत विंडोज टाइम सेवेचंच नाव असेल आणि उडी आठवड्यांची किंवा महिन्यांची असेल, तर विंडोज १० मध्ये आलेली सिक्युअर टाइम सीडिंग ही सोय तपासा. सुरक्षित वेबसाइटशी जोडणी होताना येणाऱ्या माहितीवरून ती वेळेचा अंदाज बांधते. त्या माहितीत वेळेच्या जागी काही सर्व्हर यादृच्छिक आकडे पाठवतात, आणि क्वचित तो अंदाज भलतीकडे जातो. बंद करण्यासाठी रजिस्ट्रीत करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, डब्ल्यू३२टाइम, कॉन्फिग इथे 'युटिलाइझ एसएसएल टाइम डेटा' या नावाची किंमत ० करा आणि रीस्टार्ट करा. सर्व्हरवर हे आवर्जून करावं. तिथे एका उडीने बॅकअप आणि नोंदी दोन्ही विस्कटतात.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक, मागे पडत असेल तर मूळ संगणक झोपला होता का ते पाहा. आतल्या यंत्रात गेस्ट ॲडिशन्स किंवा टूल्स बसवली की ते आपोआप सावरतं.

नवा सेल तीन महिन्यांत संपतो तेव्हा

आता दोष सेलमध्ये नाही, बोर्डात आहे. हिशेब साधा आहे. २२५ मिलिॲम्पिअर-तासांचा सेल, आरटीसीला लागतो सुमारे ५ मायक्रोॲम्पिअर, म्हणजे ४५,००० तास किंवा पाच वर्षं. हाच प्रवाह १०० मायक्रोॲम्पिअर झाला तर २,२५० तास, जेमतेम तीन महिने. मोजायला महागडं मीटर नको. सेल आणि खाच यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर जोडा, प्लग काढलेला ठेवा आणि रेझिस्टरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोॲम्पिअर. दहाच्या आत असेल तर ठीक. पन्नास-शंभर आले तर गळती आहे.

गळतीचं पहिलं कारण धूळ आणि दमट हवा. कोकण किनाऱ्यावर खारी हवा खाचेच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढवते आणि आजूबाजूच्या धुळीतून बारीक प्रवाह वाहू लागतो. ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने सेलची खाच आणि भोवतालचा भाग पुसा, पूर्ण वाळू द्या, पुन्हा मोजा. पाणी किंवा सेंटेड स्पिरिट नको. पट्टी सैल झाली असेल तर अलगद आत वाकवा. सेलजवळचा तीन पिनांचा सीमॉस, म्हणजे बायोसच्या सेटिंगची जागा, पुसण्याचा जंपरही पाहा. बहुतेक बोर्डांत टोपी १-२ वर हवी. ती २-३ वर राहिली असेल तर कितीही सेल बदला, वेळ टिकणार नाही. एवढं करूनही गळती तशीच असेल तर सेलच्या वाटेवरचा डायोड किंवा कपॅसिटर गेलेला असतो, आणि ते काम बोर्डाची दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावं. जाताना मोजलेला मिलिव्होल्टचा आकडा लिहून न्या, त्याचा निम्मा वेळ वाचतो.

दुरुस्तीनंतर पडताळणी विंडोजमध्ये करू नका. इंटरनेट मिळताच ते वेळ जुळवून घेतं आणि मेलेला सेलही चांगला भासतो. संगणक बंद करून भिंतीवरचा प्लग १२ तास काढून ठेवा, मग लावा आणि थेट बायोसमध्ये जाऊन तिथली वेळ मोबाइलशी ताडून पाहा. विंडोजला जागतिक वेळ शिकवली असेल तर बायोसमध्ये साडेपाच तास मागची वेळ दिसणं हेच बरोबर आहे. ती तिथे 'दुरुस्त' करायला जाऊ नका.